मेपल फोर्कची तिरकी रांग

सौदीतल्या जुबैलमध्ये किस्से फार साठतात, कारण इथे दुसरं काही साठवताच येत नाही! फर्निचर घेतानाच माहीत असतं की जाताना विकायचंय. झाडं लावायची ती कुंडीत. शेजाऱ्यांशी ओळख वाढून डबे-वाट्यांची देवाणघेवाण सुरू झाली, की त्यांची बदली तरी होते, नाहीतर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तरी संपतो. माणूस विमानात बसतो, त्याचा सोफा कुणीतरी उचलतं, आणि किस्से आमच्या शुक्रवारच्या चहाला येऊन बसतात.

हा चहा लतीफभाईंच्या घरी असतो. लतीफभाई सर्व्हेअर, रायगडच्या किनाऱ्यावरचे. आवाज मोठा, मतं त्याहून मोठी. त्यांच्या बेगम रुकय्याभाभी. त्यांच्या हातची सांदणं खाल्ली की माणूस आठवडाभर कुणाशी भांडत नाही. मी आणि माझा नवरा मिलिंद साताऱ्याचे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तो प्लांटवर शिफ्टला. आणि पाचवे देसाई, सेफ्टी ऑफिसर. बायको-मुलं पुण्यात, त्यामुळे चहाला सगळ्यांच्या आधी हजर आणि उठायला सगळ्यांच्या शेवटी.

तर आमच्याकडच्या किश्शांपैकी निम्मे लतीफभाईंचे, आणि त्यातले बहुतेक मेपल फोर्कचे. मेपल फोर्क कुठे आहे म्हणता? सांगते ना!

•

लतीफभाईंची एकुलती एक लेक शबाना डॉक्टर. पुढचं ट्रेनिंग तिनं अमेरिकेत केलं. तिच्या व्हिसाची अट अशी, की ट्रेनिंग संपल्यावर एक तर मायदेशी परत जा, नाहीतर जिथे डॉक्टर जायला तयार नाहीत अशा ठिकाणी तीन वर्षं काम कर. शबानाच्या वाट्याला आलं आयोवा राज्यातलं मेपल फोर्क. शिकागोपासून गाडीनं सहा तास.

बातमी आली त्या शुक्रवारी लतीफभाईंनी टीव्हीवरच सॅटेलाइटचा नकाशा लावला. सगळा पडदा हिरवा. चौकोनाला लागून चौकोन, त्याला लागून चौकोन. लतीफभाई झूम करतायत, करतायत, हिरवं काही संपेना.

मिलिंद म्हणाला, "लतीफभाई, नेट गेलं वाटतं."

"नेट नाय गेलं," लतीफभाई ओरडले, "गावच नाय!"

मग शबानाला फोन लागला. आपल्याकडचा बाप विचारेल, जेवायची सोय काय, राहायची सोय काय. लतीफभाईंची उभी हयात सौदीत गेलेली, जिथे प्रत्येक परक्याची हमी घेणारा मालक, म्हणजे कफील, असतोच. त्यांचा पहिला प्रश्न, "तिथे तुझा कफील कोण?"

"अब्बा, इथे कफील नसतो."

"मग जबाबदार कोण? कोणीतरी असेलच की!"

शबानानं वैतागून सांगितलं की टाउनशिपचे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचे, तीन ट्रस्टी असतात, निवडून आलेले, काय विचारायचंय ते त्यांना विचारा. तिला वाटलं विषय संपला. लतीफभाईंनी तिघांचे ईमेल शोधून काढले आणि तिघांना सविस्तर पत्र पाठवलं, की माझी मुलगी तुमच्या हवाली करतोय, लक्ष असू द्या. त्यातल्या एकाचं उत्तर आलं. वॉल्टर नावाचा म्हातारा शेतकरी. लतीफभाईंनी ते आम्हाला मोठ्यांदा वाचून दाखवलं.

"साहेब, टाउनशिपकडे दोनच खाती आहेत, रस्ते आणि कब्रस्तान. तुमची मुलगी दोन्हींत बसत नाही. पण बघतो आम्ही."

•

लतीफभाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "तीन वर्षं झाली रे झाली, की पोरीला तिथून काढायची!" शिकागोत त्यांच्या गावाकडची चार घरं होती, मशीद होती, लग्नाचं स्थळ निघण्याची शक्यता होती. शबाना हट्टी. तिला पटवायचं तर मुद्दे हवेत. म्हणून लतीफभाईंनी मेपल फोर्कचा अभ्यास सुरू केला. ऑफिसातून आले, की चष्मा लावून त्या गावाचा इतिहास वाचत बसायचे. दर शुक्रवारी आम्हाला बुलेटिन.

"शाळा बंद पडली. बँक बंद पडली. आता ऐका हा रेल्वेचा किस्सा. गाव होतं नदीकाठी. रेल्वे आली ती दोन कोस लांबून. तर ह्या लोकांनी काय करावं? घरं ओंडक्यांवर चढवली, घोडे जुंपले, आणि अख्खं गाव ओढत रुळांपाशी नेलं! चर्चसकट! एका घरात म्हणे बाई चुलीवर भाकरी... म्हणजे ब्रेड भाजत होती, घर चाललंय आणि बाईचं काम चाललंय!"

"बापरे! मग?" मी विचारलं.

"मग काय! काही वर्षांनी रेल्वेच बंद झाली. रूळसुद्धा उपटून नेले." लतीफभाई विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघायला लागले. आणि बघता बघता त्यांचा चेहरा पडला. "आमच्या बंदराचं असंच झालं, वहिनी. लाँच लागायची. धक्क्यावर माझ्या आजोबांचं दुकान. पुढे सडक झाली, पूल झाला, लाँच बंद. धक्का अजून हाय. त्यावर आता जाळी सुकवतात."

मग देसाईंनी हळूच विचारलं, "लतीफभाई, तुमचा मुद्दा काय होता?"

"मुद्दा... सांदण घ्या तुम्ही."

•

एकदा शबाना तक्रार करत होती. तिथले रस्ते आखून काढल्यासारखे सरळ, मैलोन् मैल वळण नाही. आणि मध्येच, काही कारण नसताना, ना नदी ना डोंगर, रस्ता एकदम काटकोनात वळतो, थोडं बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ! ती क्लिनिकला जाताना अशाच एका जागी गाडी घेऊन थेट मक्याच्या शेतात गेली होती. लागलं काही नाही, पण घाबरली होती बिचारी.

"असला कसला रस्ता, अब्बा? कुणी बांधला असेल?"

भाभी हवालदिल. आणि लतीफभाई? त्यांचे डोळे चमकायला लागले! ती सगळी जमीन गावं वसायच्या आधी सर्व्हेअरांनी साखळ्या टाकून मोजलेली, प्रत्येक टाउनशिप सहा मैल लांब, सहा मैल रुंद. पण उत्तरेला जावं तसे चौकोन अरुंद व्हायला लागतात, म्हणून ठरावीक अंतरावर रेघ सरकवून घ्यावी लागते. त्या रेघेवर रस्ता वळतो. हे सगळं त्यांनी शबानाला फोनवर समजावून सांगितलं आणि वर म्हणाले, "बेटा, रस्त्याला नावं ठेवू नकोस. पृथ्वी गोल हाय त्याला तो काय करणार!"

त्या दिवसापासून त्यांचा सूर किंचित बदलला, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. लतीफभाई जुबैलला आले तेव्हा इथेही नुसती वाळू होती. रस्ता कुठे, शाळा कुठे, बाजार कुठे, ह्याच्या खुंट्या त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ठोकलेल्या. "ह्या गावाचा इतिहास काय?" असं कोणी विचारलं, की ते छातीवर हात ठेवून सांगतात, "मी!" आणि कुठल्यातरी परक्या मुलखात आपल्यासारख्याच सर्व्हेअरांनी कोऱ्या जमिनीवर गाव आखलेलं, हे त्यांना आता कळलं होतं.

•

मग आल्या एडनाबाई.

झालं असं. नकाशा बघता बघता लतीफभाईंना दिसलं, की मेपल फोर्कमध्ये सगळं काटकोनात. शेतं, घरं, रस्ते, कब्रस्तानातल्या कबरींच्या रांगासुद्धा. फक्त कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात एक रांग तिरकी. ही तिरकी रांग सर्व्हेअर माणसाला झोपू देईना. त्यांनी तिथल्या इतिहास मंडळाला ईमेल केला. मंडळ म्हणजे बंद पडलेल्या बँकेतली एक खोली आणि त्यात बसणाऱ्या एडनाबाई, शाळेच्या निवृत्त लायब्रेरियन.

बाईंचं पानभर उत्तर आलं. पहिली माणसं तिथे मोजणीच्या आधीच येऊन राहिली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातली काही दगावली. तेव्हा गाव आखलेलं नव्हतं, नदीकडे जाणारी एक तिरकी पायवाट तेवढी होती. तिच्या कडेनं त्यांना पुरलं. पुढे सर्व्हेअर आले, त्यांनी सगळं चौकोनात बसवलं, पण ती रांग कोणी हलवली नाही. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, "इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच. इथल्या लोकांना ती रांग तिरकी आहे हे माहीतच नाही. त्यांनी ती वरून कधी पाहिलेली नाही."

झालं! दर आठवड्याला पत्रं सुरू. भाभी चहा ओतता ओतता म्हणायच्या, "आज आमच्या सवतीचं काय आलंय?"

पण कबरींचा विषय निघाला की त्या चिडायच्या. "कुणाच्या कुठल्या कबरी बघत बसता हो? आपली जागा गावाला हाय. खाडीच्या बाजूला, उंडीच्या झाडाखाली, माझ्या अम्मीच्या पायथ्याशी. मला तिथेच न्यायचं, काय समजलात?" हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

•

भाभींना थंडी जराही सोसत नाही. बाहेर जुबैलचा उन्हाळा भाजून काढतोय आणि भाभी घरात एसीसमोर शाल घेऊन बसलेल्या! एसीच्या रिमोटवरून ह्या नवरा-बायकोची जेवढी भांडणं झाली असतील, तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. ते वीसवर आणतात, ह्या सत्तावीसवर नेतात.

अशाच एका शुक्रवारी शबानानं किब्ल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची, दिशा विचारली. फोनवर ॲप ईशान्य दाखवतंय, तिला खरं वाटेना. भाभी म्हणाल्या, "ईशान्य कशी असेल? टीव्हीवर नकाशा लावा बघू. अमेरिका डावीकडे वर, मक्का उजवीकडे खाली. आग्नेय झाली ना?"

मी, मिलिंद, देसाई, आम्ही तिघंही भाभींच्या बाजूनं! लतीफभाईंनी कपाळावर हात मारला, फळांच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं, त्यावर पेनानं दोन ठिपके काढले आणि भाभींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून धरला. दोरा खरंच आधी वरच्या अंगाला गेला आणि मग खाली उतरला. ईशान्यच!

"पण ईशान्येला इथे धान्याचं कोठार आहे, अब्बा," शबाना म्हणाली. "खूप उंच. खिडकीतून तेवढंच दिसतं. माझी घरमालकीण विचारत होती, तू रोज त्या कोठाराकडे बघून काय मागतेस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही सांगायच्या आत तीच म्हणाली, आम्हीपण तिकडेच बघून मागतो, मक्याला भाव मिळू दे म्हणून!"

•

पण सगळ्यात गाजला तो खजुरांचा किस्सा.

रमजान आला. भाभींच्या गावाकडची रीत, इफ्तारीच्या आधी शेजारच्या प्रत्येक घरी ताट जातं. हिंदूंच्या घरी, कोळ्यांच्या घरी, सगळीकडे. लतीफभाई म्हणाले, शबाना तिथे एकटी, ती कुठे ताटं करत बसणार? आपण इथून खजूर पाठवू. घरटी एक डबा.

घरं किती? शबानाला विचारलं तर ती नको म्हणणार. एडनाबाईंना विचारलं तर गुपित फुटणार. पण सर्व्हेअरला विचारायची गरजच काय! त्यांनी सॅटेलाइटचा नकाशा उघडला आणि गावातली छपरं मोजली. भाभींनी शेजारी बसून खुणा केल्या. एकही छप्पर सुटू नये म्हणून दोनदा मोजणी झाली. मग खोक्यांमागून खोकी रवाना!

पोस्टातल्या बाईचा शबानाला फोन आला, "डॉक्टर, तुमच्या नावानं आलेल्या खोक्यांमुळे मला दार उघडता येत नाहीये."

शबानानं घरोघर डबे वाटले. वाटून झाले तरी अर्ध्याहून जास्त शिल्लक! ती चक्रावली. इकडे लतीफभाई नकाशा घेऊन बसले, की चुकलं कुठे? शेवटी वॉल्टरच्या पत्रातून उलगडा झाला.

"साहेब, खजूर उत्तम होते. तुमच्या हिशोबानं माझ्याकडे सहा घरं आहेत. एकात मी आणि बायको राहतो. बाकीच्यांत ट्रॅक्टर, गवत, डुकरं आणि कोंबड्या. डुकरांबद्दल तुमच्या मुलीनं मला आधीच समजावलंय, त्यामुळे त्यांचा वाटा मीच खाल्ला."

देसाई खुर्चीवरून पडायचे बाकी होते. लतीफभाईसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

किस्सा इथे संपला असता. पण महिन्याभरात शबानाच्या दारात तेच डबे परत यायला लागले. रिकामा एकही नाही. कुणी मुरंबा भरलेला, कुणी लोणच्याची काकडी, कुणी बटाटे. एडनाबाईंनी लोकरीची जाडजूड शाल विणून पाठवली, "मिसेस लतीफसाठी, एसीकरता." ती शाल जुबैलला पोचली तेव्हा भाभी बराच वेळ नुसत्या तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

"आपल्यात ताट रिकामं परत करत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे ह्यांना कुणी सांगितलं?"

•

एक किस्सा आमच्या घरचाही आहे. माझी मुलगी ईरा, चहाला आमच्याबरोबर येऊन सगळे किस्से ऐकणारी, पाचवीत, इथल्या इंडियन स्कूलमध्ये. प्रोजेक्ट आला: माय नेटिव्ह प्लेस. आम्ही म्हटलं सातारा लिहील. अजिंक्यतारा, कंदी पेढे, आजीचं घर. आम्ही काही बघितलंही नाही.

शाळेतून टीचरचा फोन. "मॅडम, तुम्ही अमेरिकन आहात का?"

पोरीनं चार पानं मेपल फोर्कवर लिहिली होती! ओंडक्यांवरून चाललेलं गाव, गोल पृथ्वीमुळे वळलेला रस्ता, तिरकी रांग, सगळं. खाली एडनाबाईंचं चित्रसुद्धा.

मी तिला समोर बसवलं. "अगं, आपण साताऱ्याचे ना?"

"बट आई, साताऱ्याला आपण फक्त सुट्टीत जातो. तिथे सगळे विचारतात, परत कधी जाणार?"

"मग जुबैल लिहायचं. तुझा जन्म इथला."

"टीचर म्हणाली जुबैल नाही चालणार, इथे आपण नोकरीसाठी आहोत." मग थोडा विचार करून म्हणाली, "मेपल फोर्कची स्टोरी मला पूर्ण येते."

मला आधी हसूच आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला साताऱ्यावर चार ओळी सांगायला बसले, तर मला स्वतःलाच माझ्या गल्लीचं नाव तसं का पडलं ते सांगता येईना.

•

तीन वर्षं संपत आली. शिकागोच्या मोठ्या हॉस्पिटलातून शबानाला बोलावणं आलं होतं. लतीफभाईंनी जिंकल्यासारखं जाहीर केलं, की आम्ही दोघं जाणार आणि पोरीचं सामान बांधून तिला शिकागोला पोचवणार. व्हिसाच्या मुलाखतीला दोघं रियाधला गेले. नवीन मेट्रोतून फिरले, भाभींनी मेट्रोच्या एसीबद्दलही तक्रार केली. पुढचं भाभींनीच सांगितलं.

खिडकीपलीकडे तरुण अधिकारी. त्यानं विचारलं, "अमेरिकेत कुठे जाणार?"

"मेपल फोर्क टाउनशिप."

"तिथे काय आहे?"

बस्! असं लतीफभाईंना विचारायचं असतं का? त्यांनी नदीकाठापासून सुरुवात केली. पहिला हिवाळा, साखळ्या टाकणारे सर्व्हेअर, घोड्यांनी ओढलेलं चर्च. एडनाबाई कशा एकटीनं इतिहास सांभाळतात, वॉल्टर बर्फात पहाटे उठून आधी क्लिनिकचा रस्ता कसा मोकळा करतो, बाकीचा गाव नंतर. मागची रांग खोळंबलेली, भाभी बाही ओढतायत, हे थांबेनात. शेवटी त्या मुलानंच हात वर केला.

"सर, सर! व्हिसा दिला. फक्त इथे लिहायला सांगा, जाण्याचं कारण काय?"

"मुलीला तिथून बाहेर काढायचंय."

तो मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "का?"

"आणि मग हो," भाभी आम्हाला म्हणाल्या, "ह्यांनी फाइल मिटली आणि मागच्या माणसाला पुढे जागा करून दिली."

•

आणि आता हा गेल्या महिन्यातला.

तिकिटं झाली होती. बॅगा हॉलमध्येच पसरलेल्या, भाभी मसाल्याच्या पिशव्या कपड्यांत गुंडाळत होत्या. त्यात लतीफभाईंच्या कंपनीनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, वय झालं, ह्या वर्षाअखेर फायनल एक्झिट. इकामा जमा करायचा आणि जायचं. नियमच आहे तो, सगळ्यांनाच आहे, कुणावर राग धरून उपयोग नाही. पण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्या माणसानं ह्या गावाची रेघन् रेघ आखली, त्याला ह्या गावात पाहुणा म्हणून यायचं तरी परवानगी लागणार होती.

तेवढ्यात शबानाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ, क्लिनिकला निघायच्या आधीची. चेहरा रडल्यासारखा.

"अब्बा, काल तिघे ट्रस्टी आले होते. वॉल्टर इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, शिकागोइतका पगार आम्हाला जमणार नाही. टाउनशिपकडे दोनच गोष्टी आहेत द्यायला. रस्ता तर कुणाला देता येत नाही. म्हणून..." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "म्हणून त्यांनी मला कब्रस्तानात जागा दिली."

भाभींच्या हातातली मसाल्याची पिशवी खाली पडली. "या अल्ला! जित्या पोरीला कबर देतात? हे काय माणसं हायत का कोण!"

"अम्मी, ऐक तरी. ते फक्त आपल्या माणसांना देतात. बाहेरच्या माणसाला मागूनही मिळत नाही. वॉल्टर म्हणाला, राहा किंवा जा, जागा तुझीच. त्यानं विचारलं, तुमच्यात कसं निजवतात? मी सांगितलं, तोंड मक्केकडे. तर म्हणाला, मग चौकोनातली नको, ती जुन्या रांगेपुढची घे. हवं तर कुंपण घालून वेगळी करून देऊ." मग ती म्हणाली, "शिकागोला मी अजून हो म्हटलेलं नाही, अब्बा. तुम्ही सांगाल तसं करते."

आम्ही सगळे लतीफभाईंकडे बघत होतो. तीन वर्षं ह्याच दिवसाची वाट बघितलेला माणूस. देसाईंनी घास तोंडात तसाच धरून ठेवला होता.

लतीफभाई उठले, टीव्हीवर नकाशा लावला. हिरवे चौकोन, मग गाव, मग कब्रस्तान, मग तो कोपरा. चष्मा वर-खाली केला. जवळ जाऊन तिरक्या रांगेवर बोट ठेवलं, मग उजवा हात कोठाराच्या दिशेनं सरळ धरला.

"उजव्या कुशीवर निजवलं की तोंड ईशान्येला," ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर पडतं."

मग फोनकडे वळले. "शबाना, वॉल्टरला विचार. शेजारी अजून दोन जागा हायत का?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं, मी भाभींकडे. खाडी, उंडीचं झाड, अम्मीचा पायथा, आम्हाला सगळं आठवत होतं. भाभींनी डोळे पुसले. खांद्यावरची एडनाबाईंची शाल नीट ओढून घेतली.

"शबाना, तिथे बर्फ पडतो ना गो?"

"पडतो अम्मी. खूप."

"मग त्याला सांग, मला मधली."